येडशीची मध्यरात्र : स्वातंत्र्याची कालगणना आणि एक कादंबरी

राष्ट्राच्या स्वातंत्र्याला एक निश्चित क्षण असतो, तो घड्याळात दाखविता येतो आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे जग सर्वस्वी भिन्न असते, ही समजूत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक राजकीय आणि वाङ्मयीन संकेत उभा आहे याचे भान सहसा राहत नाही. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री घटना समितीच्या सभागृहात या संकेताला राजकीय रूप मिळाले. त्याचे वाङ्मयीन रूप मात्र बऱ्याच उशिरा, १९८१ साली, सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' या कादंबरीत सिद्ध झाले. त्या वर्षीचे बुकर पारितोषिक तिला मिळाले. पुढे १९९३ व २००८ साली त्या पारितोषिकाच्या विजेत्या कृतींमध्येही तीच श्रेष्ठ ठरविण्यात आली. वसाहतीतून मुक्त होणाऱ्या राष्ट्राची कथा जादुई वास्तववादाच्या पद्धतीने कशी सांगावी याचा वस्तुपाठ म्हणून ती जगभर अभ्यासली जाते. प्रस्तुत निबंधात त्या कादंबरीच्या मध्यवर्ती कल्पनेचा एका लहानशा जागेवरून विचार करावयाचा आहे. ती जागा म्हणजे उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील येडशी हे गाव होय.

कादंबरीतील कल्पना सुपरिचित असली तरी तिचा नेमका नियम येथे नमूद करणे अवश्य आहे. नायक सलीम सिनाई हा मुंबईतील एका सूतिकागृहात १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या ठोक्याला जन्मतो. त्या रात्री बारा ते एक या तासाभरात देशात एक हजार एक मुले जन्मास येतात आणि त्या प्रत्येकाला काही ना काही अद्भुत शक्ती लाभते. ज्याचा जन्म मध्यरात्रीच्या अधिक जवळचा त्याची शक्ती अधिक मोठी. ठोक्यापासून जो जो दूर जावे तो तो देणगी क्षीण होत जाते. सलीमला इतरांच्या मनात शिरता येते, म्हणून त्याच्या डोक्यात या सर्व मुलांची परिषद भरते. या रचनेत दोन अटी अनुस्यूत आहेत. एक काळाची : जन्म त्या तासात झाला पाहिजे. दुसरी स्थळाची : जन्म नवजात सार्वभौम भारताच्या सीमांच्या आत झाला पाहिजे. समीक्षकांनी पहिल्या अटीवर पुष्कळ लिहिले आहे; दुसरीकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः येडशीच्या दृष्टीने सारा प्रश्न दुसऱ्या अटीचा आहे.

बार्शीहून लातूरकडे जाताना पांगरी लागते आणि तेथून थोड्याच अंतरावर बालाघाटाच्या डोंगरात येडशी. आज हा प्रवास एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याइतकाच आहे. बहुतेक प्रवाशांना सीमा केव्हा ओलांडली हेही कळत नाही. १९४७ साली मात्र पांगरी ही सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातली, म्हणजे इंग्रजी मुलखातली, तर येडशी हैदराबादच्या निजामाची. बार्शीकडील लोक पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. हैदराबादच्या आसफजाही घराण्याने अठराव्या शतकातच दिल्लीपासून फारकत घेतली होती. परंतु लोकभाषेने त्या राज्याला अखेरपर्यंत मोगलांच्याच खाती जमा धरले. भाषा राजकीय घटनांची नोंद उशिरा घेते हे खरे, पण एकदा घेतलेली नोंद ती लवकर खोडत नाही हेही तितकेच खरे.

या सरहद्दीवरून एक रेल्वे जात होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. उस्मानाबाद शहर या मार्गावर नव्हते; जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्याने येडशीस उतरावे, अशी व्यवस्था होती. रेल्वेची मालकी इंग्रजी खाजगी कंपनीकडे होती आणि ती १९५४ पर्यंत तशीच राहिली. तेव्हा १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने या रुळांवरून जे घडत होते ते कोणत्याही कादंबरीकाराने कल्पिलेले नाही : इंग्रज कंपनीची गाडी स्वतंत्र भारताच्या स्थानकावरून सुटे आणि स्वतःस स्वतंत्र म्हणविणाऱ्या संस्थानाच्या स्थानकात शिरे. ज्यांचे राज्य संपले त्यांची गाडी तेवढी दोन्हीकडे एकच होती.

गाडीतील प्रवाशाचा खिसाही सरहद्दीवर बदलत असे. संस्थानचा रुपया 'हाली' आणि इंग्रजी रुपया 'कलदार'. सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार असा त्यांचा भाव. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर संस्थानची जकात घेणारे 'करोडगिरी'चे नाके होते. टपाल निराळे, तिकिटे निराळी, कचेरीची भाषा उर्दू. मराठी बोलणारा शेतकरी स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जात असे. परंतु या सर्वांहून आपल्या विषयाला अधिक लागू पडणारी गोष्ट म्हणजे संस्थानचा काळही निराळा होता.

हैदराबादचे सरकारी दप्तर फसली सनात चाले. 'फसल' म्हणजे पीक; मोगल काळात जमीन महसुलाच्या सोयीसाठी ही गणना सुरू झाली. हैदराबादेत तिला आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी महिन्यांची नावे जोडलेली होती आणि वर्षारंभ आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, होत असे. मराठवाड्यातील जुने महसुली कागद हाताळणाऱ्या विद्यार्थ्यास फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढण्याची सवय करून घ्यावी लागते. त्या हिशेबाने ज्या रात्री दिल्लीत १४ ऑगस्टचा १५ ऑगस्ट झाला त्या रात्री येडशीच्या सरकारी कागदावर १३५६ फसली चालू होता, आणि त्यात एका दिवसाखेरीज काहीही बदलले नाही. पांगरीस त्या तासात जन्मलेले मूल रश्दींच्या नियमाने अद्भुत शक्तीचे धनी ठरते. त्याच क्षणी येडशीस जन्मलेले मूल ठरत नाही. ते कोणत्याही नव्या राष्ट्राच्या सीमेत जन्मलेलेच नाही. एक हजार एकांच्या यादीत त्याला जागा नाही.

हा आक्षेप क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कादंबरीला नकाशा लावून तपासणे रसिकपणाचे लक्षण नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या संकेतावर कादंबरी उभी आहे त्याचा मूळ धनी राज्यसंस्था आहे, कादंबरीकार नव्हे. आणि राज्यसंस्थेचा संकेत इतिहासाने तपासावयाचाच असतो. १९४१ च्या शिरगणतीनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांना वगळून बाकीच्यांच्या मध्यरात्रीला 'राष्ट्राचा जन्म' म्हणावयाचे असेल तर वगळलेल्यांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

त्या तेरा महिन्यांचा राजकीय वृत्तान्त परिचित असल्याने त्याचा येथे केवळ निर्देश पुरे. मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच, इंग्रजी सत्ता जाताच आपण सार्वभौम होऊ, असे फर्मान काढले होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे एके काळी याच उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. देशभर ध्वज फडकत असता १५ ऑगस्टला त्यांना हैदराबादेत अटक झाली. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. पाठोपाठ संस्थानात भारतीय चलन अवैध ठरविणारा वटहुकूम निघाला. सरहद्दीच्या इंग्रजी, आता भारतीय, बाजूस सोलापूर जिल्ह्यात स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तेथून येणाऱ्या तरुणांनी करोडगिरीचे नाके जाळले आणि शिंदीची झाडे तोडली. आत मात्र कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या रझाकार संघटनेने गावेच्या गावे धाकात ठेवली होती. लूट, जाळपोळ आणि हत्या यांना ऊत आला होता. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे झालेली कत्तल त्यांतील विशेष कुप्रसिद्ध होय. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) या ग्रंथात सरहद्दीवरील लढ्याचे तपशील विस्ताराने आले आहेत.

शेवट १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सेनेचा मुख्य रोख सोलापूर-हैदराबाद रस्त्याने होता आणि पहिल्याच दिवशी उस्मानाबाद जिल्ह्यातील नळदुर्ग तिच्या हाती आले. १७ तारखेस सायंकाळी पाच वाजता युद्धविराम झाला, त्याच संध्याकाळी निजामाचे नभोवाणीवरून भाषण झाले आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी सेनापती एल एद्रुस यांनी शरणागती दिली. तेव्हा येडशीच्या स्वातंत्र्याला वेळ द्यावयाचीच असेल तर ती मध्यरात्रीची नव्हे, कातरवेळेची द्यावी लागते. फसली सन १३५७ अजून संपावयाचा होता.

या मोहिमेस सरकारने जे नाव दिले ते भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. चिलखती गाड्या, तोफा आणि विमाने घेऊन केलेल्या चढाईस 'पोलीस ॲक्शन' म्हटले गेले, कारण युद्ध म्हणावे तर प्रतिपक्ष परराष्ट्र ठरतो. पोलिसांचे काम म्हणावे तर ते घरातले ठरते. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेले होते, हे ध्यानात घेता या शब्दाची निकड कळते. विलक्षण योगायोग असा की इंडोनेशियातील स्वातंत्र्ययोद्ध्यांविरुद्ध डच सरकारने जुलै १९४७ व डिसेंबर १९४८ मध्ये ज्या दोन लष्करी मोहिमा काढल्या त्यांनाही त्याने नेमके हेच नाव दिले होते. एकाच शब्दाने एकीकडे वसाहत टिकविण्याचा प्रयत्न झाला आणि दुसरीकडे वसाहतीचा अवशेष मोडण्यात आला. मराठवाड्याच्या बोलीत मात्र या शब्दाने आपले कायदेशीर कपडे उतरवून ठेवले. तेथे 'पोलीस ॲक्शन' हे एखाद्या कृतीचे नाव उरले नाही. ते काळाचे नाव झाले. अमक्याचा जन्म पोलीस ॲक्शनच्या आधीचा, तमक्याचे लग्न रझाकारात झाले, वाडा जळाला तो रझाकारीत, अशी कालगणना जुन्या पिढीच्या तोंडी होती. ना इसवी, ना शालिवाहन, ना फसली.

'रझाकार' या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. फारसीत त्याचा अर्थ केवळ स्वयंसेवक, आपखुशीने काम करणारा. मराठीत तो जुलमी सशस्त्र माणसाचा वाचक झाला आणि त्यापासून 'रझाकारी' हे भाववाचक नाम सिद्ध झाले. हैदराबादशी सुतराम संबंध नसलेल्या दंडेलीलाही ते सहज लावले जाते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या मदतीसाठी उभारलेल्या दलास हेच नाव दिले गेले आणि बंगालीतही शब्दाचे तेच अधःपतन झाले. रश्दींचा नायक त्याच १९७१ च्या युद्धात, स्मृती हरवलेल्या अवस्थेत, पाकिस्तानी लष्करात असतो आणि ढाक्यास पोचतो. येडशी आणि 'मिडनाइट्स चिल्ड्रन' यांना जोडणारा प्रत्यक्ष धागा शोधावयाचा तर तो मध्यरात्रीत नाही. दोन भाषांत सारखाच बदनाम झालेल्या या एका शब्दात आहे.

येथवरच्या विवेचनावरून कादंबरीची पद्धतच मराठवाड्यास गैरलागू आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. जादुई वास्तववादात दोन गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते. एक चमत्कार, दुसरी, अधिकृत नोंदीशी भांडणारी स्मृती. चमत्काराचे आकर्षण समीक्षेला अधिक. त्यापायी अलीकडे कोणतीही स्थलकथा या सदरात ढकलण्याची प्रथा पडली आहे, आणि ती टाळणेच बरे. येडशीजवळच्या रामलिंग क्षेत्राची कथा अशी की, सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू येथे लढला, घायाळ होऊन पडला, आणि रामाला घडलेला प्रकार सांगून त्याने प्राण सोडला. जटायूची समाधी तेथे दाखवितात. ही श्रद्धाकथा आहे. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही ती खरी मानतात, म्हणून तिच्यात वास्तव आणि जादू असा भेदच नाही. जेथे भेद नाही तेथे त्यांच्या मिश्रणाची संज्ञा वापरणे निरर्थक होय.

दुसरे अंग मात्र थेट लागू पडते. सलीम आपल्या कथनात महात्मा गांधींच्या हत्येची तारीख चुकवितो. चूक लक्षात आल्यावरही तो ती दुरुस्त करीत नाही. त्याच्या कथनात गांधी चुकीच्याच वेळी मृत्यू पावतात. स्मृतीचे सत्य आणि दप्तराचे सत्य यांतील अंतर येथे उघड मांडले आहे, आणि ज्या कादंबरीचा डोलारा एका बिनचूक वेळेवर उभा आहे तिच्यातच ते मांडावे हे लेखकाच्या जाणतेपणाचे द्योतक आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या 'शंभर वर्षांचे एकाकीपण' (१९६७) या कादंबरीत हेच अंतर भीषण रूप घेते. केळीच्या मळ्यांवरील संपकऱ्यांवर गोळीबार होतो, प्रेते आगगाडीतून नेली जातात. वाचलेला एक माणूस तीन हजार मेले असे सांगत फिरतो, पण गावात कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही, कारण अधिकृतरीत्या काही घडलेलेच नसते. कोलंबियात १९२८ साली असा गोळीबार खरोखरच झाला होता.

ही अविश्वसनीय आगगाडी मराठवाड्यालाही परकी नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानच्या मराठी व कानडी भागांत मुसलमानांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर हिंसाचार झाला. त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे मंडळ भारत सरकारच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर हिंडले. त्यांच्या अहवालात संपूर्ण संस्थानातील मृतांचा सावध अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला असून सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे आहेत. या चार जिल्ह्यांतीलच मृतांचा आकडा १८ हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरला आहे. रझाकारांच्या अत्याचारांची दखल अहवालाने घेतली आहे, तसेच जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. त्यातील उतारे अधूनमधून बाहेर येत राहिले. २०१३ मध्ये ए. जी. नुरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला. म्हणजे पासष्ट वर्षे एका जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी जीवितहानी दप्तरात होतीही आणि नव्हतीही.

अंदाज हा अंदाजच असतो आणि त्याची छाननी व्हावयास हवी; काहींनी तो अतिरंजित मानला आहे. तथापि छाननी करावयाची तर आकडा समोर असावा लागतो. रझाकारांच्या जुलमाची स्मृती मराठीत आत्मचरित्रे, स्मारके आणि समारंभ यांतून जिवंत राहिली, आणि ती राहावयासच हवी होती. नंतरच्या हत्यांच्या स्मृतीला मात्र मराठीत शब्दच मिळाला नाही. 'रझाकारी' आहे, त्याच्या पुढच्या महिन्याला नाव नाही. पहिल्या काळाचे नाव ज्या बोलीने इतक्या सहजतेने घडविले तिनेच दुसऱ्या काळापाशी मौन धरावे, ही भाषिक वस्तुस्थिती म्हणूनही नोंद घेण्याजोगी आहे. मार्केझच्या गावात मृतांचा आकडा सांगणारा निदान एक जण तरी होता.

रश्दींच्या कादंबरीतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावयाचे, याचे उत्तर यात सापडते. मध्यरात्रीचा ठोका घेऊ नये. तो राज्यसंस्थेने अगोदरच वाजविलेला आहे. तारीख चुकविणाऱ्या निवेदकाची शंका घ्यावी. सलीम स्वतः लोणच्याच्या कारखान्यात बसून आपला इतिहास प्रकरणागणिक बरण्यांत भरतो. मुरविल्याने मूळ चव बदलते हे त्यास ठाऊक असते. सूतिकागृहात त्याची आणि शिव नावाच्या मुलाची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे मध्यरात्रीचा वारसाहक्कही मुळात संशयास्पद आहे. एवढे सारे असून पुष्कळ वाचकांच्या ध्यानात राहतो तो ठोकाच.

येडशीपुरते पाहता त्या सायंकाळचा अर्थही अद्याप एका नावात मावलेला नाही. सैनिकी प्रशासन, मग मुलकी सरकार, १९५० मध्ये संविधानाखालील राज्य व त्याचे राजप्रमुख म्हणून खुद्द निजाम, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात प्रवेश आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र, अशी या भागाची वाटचाल झाली. बार्शी-लातूर मार्गाचे रुळ २००८ पर्यंत रुंद झाले आणि नव्या मार्गाने उस्मानाबाद शहराला रेल्वे मिळाली. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. १७ सप्टेंबरला महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. नरहर कुरुंदकरांनी याच घटनेसाठी 'विमोचन' आणि 'विसर्जन' हे दोन शब्द जोडीने वापरले होते, आणि त्यांतला दुसरा शब्द पहिल्याइतक्याच जाणीवपूर्वक निवडलेला आहे. २०२२ मध्ये हैदराबादेत तर एकाच दिवशी दोन सरकारी समारंभ झाले : केंद्र सरकारने तो मुक्तिदिन म्हणून साजरा केला, तेलंगणा सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून.